माणसाचे काम हवे, माणसाचे बिऱ्हाड नको!

घर पहावे बांधून आणि लग्न पहावे करून, अशी आपल्यांत एक जुनी म्हण आहे. ह्या दोन्ही कार्यांत माणसाची किती दमछाक होते, हे ज्याने ती उरकली आहेत त्यालाच ठाऊक. परंतु ज्याला घर बांधण्याचे सामर्थ्यच नाही, ज्याला पोटासाठी परगावी जाऊन दुसऱ्याच्या खोलीत बिऱ्हाड थाटावे लागते, त्याच्या दमछाकीविषयी म्हण रचण्याची तसदी कोणी घेतलेली दिसत नाही. म्हणी घरवाल्यांनी रचल्या, हे त्याचे कारण असावे. आजचा आमचा विषय हा उपेक्षित बिऱ्हाडकरू होय. आणि त्याच्याकरिता कोणी चार-पाच मजल्यांची इमारत बांधू म्हटले की आसपासच्या घरवाल्यांच्या मनाचा जो क्षोभ होतो, तो होय.

ह्या क्षोभाचे ताजे उदाहरण मुंबईने घालून दिले आहे. धारावीच्या पुनर्विकासात १ जानेवारी २००० पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्यांस तेथेच विनामूल्य घर मिळावयाचे आहे. त्यानंतर आलेल्यांस व माळ्यावर राहणाऱ्यांस धारावीबाहेर जावे लागणार. त्यांपैकी पुष्कळांस भाड्याने, व पुढे विकत घेता येतील अशी, घरे देण्याचे धोरण राज्य सरकारने २०२४ साली ठरविले. त्याकरिता मुलुंड, भांडुप व कांजूरमार्ग येथील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन देण्याचा निर्णयही त्याच वर्षी झाला. ही वार्ता पसरताच मुलुंडात विरोध पेटला. निदर्शने झाली, आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत हा प्रचाराचा एक मुद्दा होऊन बसला. मिठागरे पावसाचे व भरतीचे पाणी पोटात घेतात, तेथे भर घालून घरे उठविली तर पाणी कोठे जाईल, हा त्यांचा आक्षेप खरोखर विचार करण्याजोगा आहे. रस्ते, लोकलगाड्या व पाणी ह्यांवरील भाराची तक्रारही खोटी नाही. परंतु ह्या योग्य तक्रारींच्या आडोशाने दुसरीच एक तक्रार बोलत होती, व तिचा आवाज पुष्कळदा मोठा होता. 'ते लोक आमच्या शेजारी नकोत', हे तिचे सार!

मुलुंड कोठे आणि यवतमाळला खेटून असलेले लोहारा कोठे, असे आमचा एखादा वाचक म्हणेल. अंतर मोठे आहे खरे. परंतु माणसाचा स्वभाव रेल्वेच्या तिकिटाने बदलत नाही. लोहारा आता केवळ शेतकऱ्यांचे गाव राहिलेले नाही. २०११ च्या जनगणनेत त्याची नोंद जनगणना-नगर म्हणून झाली. औद्योगिक वसाहत येथे आहे; डेनिम कापडाची मोठी गिरणी येथेच उभी राहिली; १९९६ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय येथे चालते. यवतमाळात १९८९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. वर्ध्याहून नांदेडकडे जाणाऱ्या नव्या रेल्वेमार्गाचा कळंबपर्यंतचा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी खुला झाला. गाडी यवतमाळच्या वेशीकडे येत आहे. गिरणीचा कामगार, रुग्णालयातील परिचारिका, एस. टी. चा वाहक, शाळेचा बदली होऊन आलेला मास्तर, दुकानातील गुमास्ता, बाजार समितीतील हमाल आणि वसतिगृहात जागा न मिळालेला विद्यार्थी, ही सारी मंडळी राहतात कोठे? बहुतेक कोणाच्या तरी ओसरीच्या खोलीत, पत्र्याच्या छपराखाली, चौघे-सहा मिळून. लोहाऱ्यात असल्या इमारतीचा वाद आज पेटला आहे असे आमचे म्हणणे नाही. उद्या तो पेटेल तेव्हा तो शहाणपणाने व्हावा, एवढ्याकरिता हे लिहीत आहो.

असल्या इमारतीवर जे आक्षेप घेतले जातात त्यांच्या तीन मोळ्या बांधता येतात. पहिली मोळी पाण्याची, गटाराची व रस्त्याची. दुसरी मोळी पैशाची. म्हणजे शेजारी भाडोत्री इमारत झाली की आमच्या घराची किंमत उतरेल. आणि तिसरी मोळी लोकांची. म्हणजे 'कोणत्या जातीचे, कोणत्या रीतीचे लोक येतील कोण जाणे.' ह्या तिन्ही मोळ्या एकाच दोरीने बांधून सभेत आणल्या जातात, म्हणून त्यांतले ओले लाकूड कोणते व सुके कोणते हे कळेनासे होते. ती सोडून पाहणे हे वर्तमानपत्राचे काम आहे.

पाण्याची तक्रार यवतमाळकराइतकी मनापासून दुसरा कोण करील? निळोणा व चापडोह ह्या दोन धरणांच्या भरवशावर वाढलेले हे शहर २०१८ च्या उन्हाळ्यात घोटभर पाण्यासाठी कसे तळमळले, हे येथील कोणी विसरलेले नाही. बेंबळा प्रकल्पाचे पाणी अमृत योजनेतून शहरात आणावयाचे ठरले, त्याची वाट पाहतापाहता लोकांच्या घशाला कोरड पडली. तेव्हा जो गृहस्थ विचारतो, 'ह्या पन्नास बिऱ्हाडांना पाणी कोठून देणार?' त्याला कोणी स्वार्थी म्हणू नये. मात्र त्याच्या प्रश्नाचा पत्ता चुकलेला आहे. हा प्रश्न नगरपरिषदेला विचारावयाचा आहे, बिऱ्हाडकरूला नव्हे. तो बिऱ्हाडकरू आज गावात नाही काय? तो आहेच, आजही पाणी पितोच, फक्त दुसऱ्याच्या नळावर रांगेत उभा राहून पितो. इमारत न झाल्याने त्याची तहान नाहीशी होत नाही. उलट एका ठिकाणी हिशेबाने बांधलेल्या इमारतीत टाकी, मोजणीचा नळ व पावसाचे पाणी जिरविण्याची सोय करणे, शंभर ठिकाणी विखुरलेल्या पत्र्याच्या खोल्यांपेक्षा सोपे असते. उंच इमारतीतून आमच्या अंगणात नजर जाईल, ऊन अडेल, ही तक्रारही ह्याच मोळीतली आहे. तिला उत्तर बांधकामाच्या नियमांत आहे. उंचीच्या मानाने बाजूला मोकळी जागा सोडावी लागते. तो नियम बांधणाऱ्याकडून काटेकोर पाळवून घ्यावा. नियम मोडणाऱ्याशी भांडणे आणि राहावयास येणाऱ्याशी भांडणे ह्यांत पुष्कळ अंतर आहे.

किमतीच्या तक्रारीला आम्ही व्यापाऱ्यांच्याच भाषेत उत्तर देतो. ज्या गल्लीत दोनशे माणसे नव्याने राहावयास येतात, त्या गल्लीतला वाणी, दूधवाला, शिंपी, औषधविक्या व खानावळवाला ह्यांचा धंदा वाढतो की घटतो? ज्या कारखान्याला जवळ राहणारे कामगार मिळतात तो येथे टिकतो; ज्याला मिळत नाहीत तो दुसरीकडे जातो, आणि मग जी किंमत उतरते ती एका घराची नसून साऱ्या गावाची असते. ह्या गोष्टीचा अनुभव मुंबईने शंभर वर्षांपूर्वी घेतला, आणि त्यात वऱ्हाडच्या कापसाचाही संबंध आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. कोंदट चाळींत माणसे मरू लागली, तेव्हा १८९८ साली सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. पुढे १९२० साली गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांनी विकास खाते काढले आणि कामगारांकरिता भाड्याच्या पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. ह्या खर्चाला हातभार म्हणून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपयाचे नगरशुल्क बसविले. जो कापूस आपल्या भागातल्या जिनांतून सरकी काढून, गाठी बांधून मुंबईला जात होता, त्यावरही तो रुपया पडला. म्हणजे मुंबईच्या कामगारांच्या छपरात आपल्या जिल्ह्याच्याही घामाचा वाटा आहे!

त्या पैशातून वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उठल्या. तळमजला व वर तीन मजले, आणि एका चाळीत ऐंशी खोल्या, असे त्यांचे साधारण मान होते. पन्नास हजारांचा संकल्प सोळा हजारांच्या आसपास येऊन थांबला. इतकेच नव्हे, तर वरळीच्या चाळी कित्येक वर्षे मोठ्या प्रमाणावर ओस पडल्या. कारण उघड होते. गिरण्या दूर, बाजार दूर, सोयी अपुऱ्या आणि भाडे कामगाराच्या मिळकतीला न झेपणारे. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने तेथील काही चाळींचा तुरुंगासारखा उपयोग केला. राहण्यासाठी बांधलेले घर शेवटी कोंडण्याच्या कामी आले. पण पुढे सोयी आल्या, रस्ते आले, आणि त्याच चाळींत कामगारांच्या तीन-चार पिढ्या नांदल्या. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ चाळकरी कुटुंबांस पुनर्विकासातील नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ह्या इतिहासातून दोन धडे मिळतात. भाड्याची इमारत ही गावावरची आपत्ती नव्हे, हा पहिला. आणि कामापासून तोडून, पाण्यावाचून उभी केलेली इमारत ही मात्र पैशाची राख होय, हा दुसरा.

घरमालकांची भीती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी जवळजवळ गोठवली. आपल्याकडे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या १९४९ च्या भाडेनियंत्रण आदेशाने भाडेकरूला नोटीस देण्यापूर्वी भाडेनियंत्रकाची परवानगी घेणे भाग पाडले. युद्धोत्तर टंचाईत हे उपाय दयेचे होते. परंतु ते दशकानुदशके तसेच राहिल्याने भाड्याकरिता घर बांधणे हा खुळेपणा ठरला. मालकाने डागडुजी सोडली, भाडेकरूने जागा सोडली नाही, आणि दोघांच्या मध्ये भिंत कोसळली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या कायद्यातील गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरविल्या. त्यानंतर आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून साऱ्या राज्याला लागू झाला. त्यात भाडे दरसाल शेकडा ४ वाढविण्याची मुभा आहे. करार लेखी व नोंदलेला असलाच पाहिजे, व तो नोंदविण्याची जबाबदारी मालकावर आहे. परवान्याची मुदत संपूनही जो जागा सोडीत नाही त्याच्याकडून दुप्पट दराने भरपाई घेता येते. तेव्हा 'बिऱ्हाडकरू घुसला की निघत नाही' ही आजोबांची भीती नातवाने तशीच्या तशी वारशाने घेण्याचे कारण उरलेले नाही. तरीही देशातील शहरांत २०११ च्या जनगणनेला सुमारे १ कोटी ११ लक्ष घरे रिकामी आढळली! एकीकडे घरांना माणसे नाहीत, दुसरीकडे माणसांना घरे नाहीत, आणि मध्ये कुलूप लावून भीती बसलेली आहे.

आता तिसरी मोळी. 'कोण लोक येतील?' हा प्रश्न ऐकला की आम्हांस १९१७ सालचे बडोदे आठवते. कोलंबिया विद्यापीठाची विद्या संपादून डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्या राजधानीत त्यांना राहण्यास खोली मिळेना. पारशी पथिकाश्रमात त्यांनी नाव बदलून आसरा घेतला. जात कळताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मित्रांनीही घरात घेण्याचे टाळले, आणि अखेर त्यांना ते शहर सोडावे लागले. ज्या विद्येने उभ्या देशाला राज्यघटना दिली, तिला बडोद्याने हक्काचे छप्पर दिले नाही! तेच बाबासाहेब मुंबईत परळच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत वर्षानुवर्षे राहिले. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या त्या भाड्याच्या खोलीने जे केले ते बडोद्याच्या प्रतिष्ठित वस्तीला करता आले नाही. भाड्याच्या इमारतीने परिसराची अब्रू जाते म्हणणाऱ्यांनी, अब्रू नक्की कोणाची गेली ह्याचा एकदा विचार करावा.

ही जुनी गोष्ट म्हणून कोणी तिच्यावर पडदा टाकू नये. २०२० च्या मार्चमध्ये साथ येताच देशातील अनेक शहरांत घरमालकांनी डॉक्टरांस व परिचारिकांस खोल्या सोडावयास सांगितले. सकाळी टाळ्या वाजविणारे हात संध्याकाळी दाराला कडी घालीत होते! २९ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारला हुकूम काढावा लागला की, मजुरांकडून एक महिना भाडे मागू नये व मजूर-विद्यार्थ्यांस घराबाहेर काढू नये. हुकूम निघाला, तरी लक्षावधी मजूर पायी चालत गावाकडे निघाले. शहरांनी त्यांचे श्रम वर्षानुवर्षे घेतले होते. त्यांना पाय ठेवण्यापुरती हक्काची जागा दिली नव्हती. आजही खोलीच्या दारात विचारले जाणारे प्रश्न कोणते? आडनाव काय, खाता काय, लग्न झाले आहे काय, एकट्या बाईला खोली कशाला हवी. भाडे वेळेवर द्याल काय, हा प्रश्न शेवटी येतो. पुष्कळदा येतही नाही. ज्याचा पैसा गल्ल्यात चालतो, ज्याची परिचारिका बहीण आपल्या आईला सलाईन लावते, त्याच्या ताटात काय आहे हे पाहण्याचा अधिकार शेजाऱ्याला कोणी दिला?

सरकारचेही माप आम्ही येथेच त्याच्या पदरी घालतो. २००८ साली मुंबई महानगर प्रदेशात १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची योजना निघाली. बांधणाऱ्यांस भरपूर वाढीव चटईक्षेत्र देण्यात आले. काही वर्षांतच भाड्याचा विचार मागे पडला व धोरण विकावयाच्या घरांकडे वळले. पनवेलजवळ कोन येथील २,४१७ घरे, दोन-दोन खोल्या जोडून, २०१६ च्या सोडतीत गिरणी कामगारांस देण्यात आली. साथीच्या दिवसांत ती विलगीकरणाकडे गेली आणि त्यांची दुर्दशा झाली. गिरणी कामगाराला घर मिळावे हे योग्यच. पण भाडेकरूसाठी बांधलेले घर भाडेकरूला मिळालेच नाही, हे विसरून चालणार नाही. साथ चालू असतानाच, जुलै २०२० मध्ये, केंद्राने परवडणाऱ्या भाडे-निवासांची योजना आणली. २०२४ पासूनच्या पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या पर्वातही भाड्याच्या घरांना स्वतंत्र स्थान आहे. योजनांची वाण नाही. भाड्याचे घर भाड्याचेच राहील, ह्या शब्दाची वाण आहे. तो शब्द वारंवार मोडला गेल्याने लोकांना इमारतीपेक्षा तिच्यामागच्या हेतूचा संशय येतो, आणि तो संशय आम्ही चुकीचा म्हणू शकत नाही.

तेव्हा लोहाऱ्यासारख्या ठिकाणी असे काम निघालेच तर नागरिकांनी पुढील गोष्टी मागाव्या. पाण्याची व गटाराची जोडणी आधी, मग भिंती. केवळ कागदावरच्या जोडणीवर परवानगी मिळू नये. जागा कामाच्या ठिकाणाजवळ व एस. टी. च्या वाटेवर असावी. गावाबाहेर माळावर नेऊन टाकू नये. देखभालीचा पैसा भाड्यातून वेगळा काढून ठेवावा व त्याचा हिशेब दर वर्षी दाराशी लावावा. जात, धर्म, आहार व लग्न ह्यांवरून कोणालाही खोली नाकारली जाणार नाही, हे करारातच लिहावे. आणि ही घरे निदान एका पिढीपर्यंत विकली जाणार नाहीत, असे नगरपरिषदेने लिहून घ्यावे. ह्या मागण्या करणारा नागरिक शेजारधर्म पाळतो. 'इमारतच नको' म्हणणारा फक्त आपले दार लावून घेतो.

हे अशक्य आहे काय? ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहराने १९२३ ते १९३४ ह्या काळात, पहिल्या महायुद्धात खंगून गेलेले असताना, साठ हजारांहून अधिक भाड्याची घरे नगरपालिकेच्या खर्चाने बांधली. त्यांपैकी १९३० साली पुरे झालेल्या एकाच इमारतसमूहात १,३८२ घरे, धुण्याच्या जागा, बालमंदिरे व वाचनालय होते. आज त्या शहरातील जवळजवळ निम्मे लोक नगरपालिकेच्या किंवा तिच्या साहाय्याने बांधलेल्या घरांत राहतात, आणि तेथे भाड्याने राहणे ही लाजेची गोष्ट मानीत नाहीत. आपली तिजोरी तेवढी नसेल. पण पन्नास बिऱ्हाडांची एक इमारत नीट बांधून नीट चालविण्याला व्हिएन्नाची तिजोरी लागत नाही. दानत लागते, आणि शेजाऱ्याला माणूस समजण्याची बुद्धी लागते.

शेवटी एक गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांस सांगणे आहे. सकाळी दुकानाची फळी उघडावयाला जो नोकर वेळेवर यावयास हवा, कारखान्याची पाळी ज्याच्यावाचून सुरू होत नाही, रात्री आजारी मुलाच्या उशाशी जी परिचारिका जागी असावी लागते, त्या सर्वांची संध्याकाळ कोठेतरी व्हावयाची असते. उद्या नगरपरिषदेत अशा इमारतीवर हरकती मागविल्या गेल्या, तर पाण्याची हरकत जरूर घ्या, रस्त्याची घ्या, नियमभंगाची घ्या. तुमच्या हरकतीने इमारत सुधारेल. परंतु 'हे लोक नकोत' असे लिहिण्यापूर्वी त्याच कागदावर, त्यांनी मग राहावे कोठे, ह्या प्रश्नाचे उत्तरही लिहा. ज्याला ते उत्तर लिहिता येत नाही, त्याने ती हरकत घेऊ नये.